रक्ताच्या थेंबातून हिमॅटोक्रिट : निरोगी रक्तात जुळणारा सेन्सर रुग्णाच्या रक्तात खाली का वाचतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ग्लुकोज मोजणाऱ्या एकवेळ वापराच्या पट्टीवर इलेक्ट्रोडची आणखी एक जोडी बसवून तिच्या प्रतिबाधेवरून (प्रत्यावर्ती विद्युतप्रवाहाला होणाऱ्या विरोधावरून) हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्ताच्या एकूण आकारमानातला तांबड्या पेशींचा वाटा, काढायचा आहे. निरोगी रक्तदात्यांच्या नमुन्यांवर पट्टीचे आकडे सेंट्रिफ्यूजच्या आकड्यांशी उत्तम जुळतात. अतिदक्षता विभागातल्या रुग्णांच्या नमुन्यांवर मात्र ते सातत्याने तीन-चार टक्के खाली येतात. इलेक्ट्रॉनिक्स तपासून झाले, इलेक्ट्रोडही बदलून पाहिले, पण फरक जात नाही. तेव्हा ही पद्धत सोडून प्रकाशीय किंवा दुसरी एखादी पद्धत घ्यावी का?

पद्धत सोडण्याची गरज मला दिसत नाही. इलेक्ट्रॉनिक्समध्येही बहुधा दोष नसावा. पट्टीवरचा कोणताही सेन्सर तांबड्या पेशी थेट मोजत नाही. पेशींमुळे बदलणारी एखादी भौतिक राशी तो मोजतो. ती राशी विद्युतवाहकता असेल, रक्ताचा चिकटपणा असेल, प्रकाशाचे शोषण असेल किंवा एखाद्या रेणूच्या विसरणाचा, म्हणजे द्रवात पसरत जाण्याचा, वेग असेल. पेशींखेरीज इतर कशाकशाने ती राशी बदलते आणि आपल्या रुग्णांमध्ये त्यांपैकी काय काय बदललेले असते, या दोन प्रश्नांची उत्तरे हाताशी असल्याशिवाय पद्धतीची निवड करता येत नाही. तुमच्या नमुन्यांत नेमके हेच घडले आहे, आणि ते आकड्यांनी दाखवता येते.

आधी तुलनेच्या मापाविषयी. केशनलिकेत रक्त भरून सुमारे १०,००० ते १५,००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या इतक्या पट) बलाने पाच मिनिटे फिरवणे ही पद्धत आजही संदर्भ म्हणून वापरली जाते, पण तीही निर्दोष नाही. पेशींच्या थरात थोडा रक्तद्रव (प्लाझ्मा) अडकून राहतो. सामान्य रक्तात त्यामुळे आकडा साधारण एक ते तीन टक्के वर जातो, आणि दात्रपेशी विकारात किंवा पेशी लहान असलेल्या लोहन्यूनतेच्या पंडुरोगात त्याहून अधिक. स्वयंचलित पेशीगणक यंत्रे वॉलेस कूल्टर यांच्या १९५३ सालच्या पेटंटमधल्या तत्त्वावर, म्हणजे सूक्ष्म छिद्रातून जाणाऱ्या प्रत्येक पेशीमुळे होणाऱ्या विद्युतरोधातल्या बदलावर, पेशींची संख्या आणि सरासरी आकारमान मोजतात व त्यांच्या गुणाकारातून हिमॅटोक्रिट काढतात. तिथेही एक खाच आहे. ज्या रुग्णाचे ग्लुकोज फार वाढलेले असते त्याच्या पेशींच्या आतही ग्लुकोज साचलेले असते. अशा पेशी यंत्रातल्या समपरासारी (विरघळलेल्या कणांची सांद्रता सामान्य रक्तद्रवाइतकीच असलेल्या) द्रावणात गेल्या की पाणी ओढून फुगतात, आणि आकारमान व पर्यायाने हिमॅटोक्रिट खोटे वाढते. ग्लुकोजच्या पट्टीचे परीक्षण करणाऱ्याला ही गोष्ट माहीत नसेल तर संदर्भयंत्राची चूक तो पट्टीच्या खात्यावर टाकतो. त्यात नमुना कोणत्या गोठणरोधकात घेतला याचाही भाग येतो : ट्रायपोटॅशियम ईडीटीए हे गोठणरोधक पेशींना आकसवते, आणि नळी अर्धीच भरली तर परिणाम आणखी वाढतो.

आता वाहकतेकडे येतो. रक्तद्रव हे क्षारांचे चांगले वाहक द्रावण आहे. तांबड्या पेशीचे पटल (बाहेरचे आवरण) मात्र कमी वारंवारतेला विद्युतरोधक असते. रुडॉल्फ होबर यांनी १९१० च्या सुमारास दाखवले की कमी वारंवारतेला विसंवाहक भासणारी ही पेशी उच्च वारंवारतेला आतून वाहक असल्याचे दिसते. ह्यूगो फ्रिक यांनी १९२५ साली पटलाची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) दर चौरस सेंटिमीटरला ०.८१ मायक्रोफॅरड इतकी मोजली आणि त्यावरून पटलाची जाडी ३ नॅनोमीटरच्या आसपास असावी असा अंदाज बांधला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पटल दिसण्याच्या कितीतरी आधी केलेला हा अंदाज आजही थक्क करतो. आपल्या कामापुरते एवढेच की काही किलोहर्ट्झ ते शंभरेक किलोहर्ट्झ या पट्ट्यात प्रवाह पेशींना वळसा घालून फक्त रक्तद्रवातून जातो, आणि पेशी जितक्या अधिक तितकी त्याची वाट अरुंद व वळणाची होते.

याचे गणित ढोबळपणे असे मांडता येते : रक्ताची वाहकता ही रक्तद्रवाची वाहकता गुणिले (१ वजा हिमॅटोक्रिट) चा दीड घात. प्रत्यक्षात पेशींचा आकार आणि त्यांची दिशा यांनुसार घात थोडा बदलतो, पण अंदाजासाठी हे सूत्र पुरेसे आहे. हिमॅटोक्रिट २० टक्के असताना रक्ताची वाहकता रक्तद्रवाच्या सुमारे ०.७२ पट, ४५ टक्क्यांना ०.४१ पट आणि ६० टक्क्यांना ०.२५ पट येते. टक्क्यांचे टक्के असा घोळ टाळण्यासाठी हिमॅटोक्रिटच्या एका टक्क्याला पुढे मी ‘अंक’ म्हणतो. याच सूत्रावरून दिसते की ४५ च्या आसपास हिमॅटोक्रिट एका अंकाने बदलले की वाहकता सुमारे २.७ टक्क्यांनी बदलते. २० च्या आसपास हा बदल १.९ टक्के, तर ६० च्या आसपास ३.८ टक्के असतो. संवेदनशीलता चांगली आहे यात शंका नाही. पण हेच वाक्य उलटे वाचून पाहा : दुसऱ्या कोणत्याही कारणाने वाहकता २.७ टक्क्यांनी बदलली तर पट्टी तो बदल हिमॅटोक्रिटचा एक अंक म्हणून वाचणार.

मग अशी दुसरी कारणे कोणती? पहिले आणि तुमच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे रक्तद्रवातली प्रथिने. प्रथिनांचे मोठे रेणू आणि त्यांना चिकटलेले पाणी विद्युतवहनात फारसा भाग घेत नाहीत, पण जागा मात्र व्यापतात. पेशींप्रमाणेच तेही प्रवाहाच्या वाटेत आडवे येतात. प्रथिने दर डेसिलिटरला १ ग्रॅमने कमी झाली की वाहकतेवर आधारित हिमॅटोक्रिट साधारण एका अंकाने खाली येते, असे या यंत्रांच्या बाबतीत मान्य झालेले प्रमाण आहे. निरोगी माणसात एकूण प्रथिने ७ ग्रॅमच्या आसपास असतात. अतिदक्षता विभागातल्या, शिरेतून भरपूर द्रव दिलेल्या रुग्णात ती ४ पर्यंत घसरलेली आढळणे मुळीच दुर्मीळ नाही. फरक तीन ग्रॅमचा, म्हणजे तीन अंकांचा. तुम्हाला दिसलेल्या तुटीचा बहुतेक हिशेब इथेच लागतो.

उरलेला भाग क्षारांचा असू शकतो. सोडियम १४० वरून १२० मिलिमोल प्रति लिटरवर आले तर रक्तद्रवाची वाहकता सुमारे १४ टक्क्यांनी घटते, आणि दुरुस्ती नसेल तर पट्टी हिमॅटोक्रिट पाचेक अंकांनी जास्त दाखवते. म्हणूनच रक्तवायू तपासणीच्या यंत्रांत आणि हातात धरायच्या काडतूसवाल्या यंत्रांत सोडियमचा सेन्सर शेजारीच असतो व त्याच्या आकड्याने वाहकता दुरुस्त केली जाते. पण एवढ्याने काम भागत नाही. ज्यांना सलाइन बरेच दिलेले असते त्यांच्यात बायकार्बोनेट घटते आणि क्लोराइड वाढते, सोडियम मात्र जवळजवळ तेच राहते. क्लोराइड आयनाची मोलर वाहकता ७६ च्या आसपास आणि बायकार्बोनेटची ४५ च्या आसपास, नेहमीच्या एककांत; त्यामुळे आठ मिलिमोलची अशी अदलाबदल झाली तरी रक्तद्रवाची वाहकता अंदाजे दोन टक्क्यांनी वाढते आणि हिमॅटोक्रिट पाऊण अंकाने खाली येते. सोडियमच्या दुरुस्तीला हा बदल दिसतच नाही. प्रथिनांची घट आणि क्लोराइडची वाढ हे दोन्ही परिणाम एकाच दिशेने ओढतात आणि दोन्हींचे मूळ त्याच सलाइनच्या बाटलीत असते, म्हणून तुमची तूट यादृच्छिक न राहता सातत्याची झाली.

हृदय-फुप्फुस यंत्रावर असलेल्या रुग्णात हीच गोष्ट टोकाला जाते, कारण यंत्राच्या नळ्या भरायला वापरलेल्या द्रवाने रक्त एकदम पातळ होते. काही हस्तधारी यंत्रांत अशा नमुन्यांसाठी वेगळी दुरुस्ती निवडण्याची सोय दिलेली असते. ती निवडायची राहून गेली तर हिमॅटोक्रिट खोटे कमी दिसते आणि गरज नसताना रक्त चढवण्याचा निर्णय होऊ शकतो. उलट, पातळपणा ओसरल्यावरही ती दुरुस्ती चालू राहिली तर खरा रक्तक्षय झाकला जातो.

तापमानाचा परिणाम सर्वांना ठाऊक असतो, तरी पट्टीवर तो हाताळणे वाटते तितके सोपे नाही. क्षारद्रावणाची वाहकता दर अंश सेल्सिअसला सुमारे दोन टक्क्यांनी वाढते, म्हणजे पाच अंशांची चूक हिमॅटोक्रिटमध्ये साडेतीन-पावणेचार अंकांची होते. एक मायक्रोलिटरपेक्षा कमी रक्त पट्टीच्या प्लास्टिकला टेकले की काही क्षणांत पट्टीचे तापमान घेते. यंत्रातला तापमापक मात्र यंत्राच्या पोटातले तापमान सांगतो. यंत्र नुकतेच खिशातून काढले असेल किंवा त्याच्या पडद्याचा दिवा बराच वेळ चालू असेल, तर या दोहोंत सहज काही अंशांचे अंतर पडते. शक्य असेल तर पट्टी जिथे खोचली जाते त्या टोकाशीच तापमापक बसवावा, आणि यंत्राचे तापमान स्थिर नसेल तर आकडा देण्याऐवजी थांबण्याची सूचना द्यावी.

पेशींची हालचाल हा आणखी एक कमी चर्चिला जाणारा भाग. वाहत्या रक्तात चपट्या पेशी प्रवाहाच्या दिशेला लागतात, प्रवाह थांबला की दिशा विस्कटते आणि मग त्या एकमेकींना चिकटून नाण्यांच्या चळतीसारख्या रचल्या जातात. या तीनही अवस्थांत हिमॅटोक्रिट तेच असूनही वाहकता वेगवेगळी असते. पट्टीच्या तळाशी समांतर छापलेल्या इलेक्ट्रोडमध्ये विद्युतक्षेत्र तळाजवळच एकवटलेले असते, त्यामुळे पेशी खाली बसू लागल्या की पट्टीला दिसणारे हिमॅटोक्रिट हळूहळू वर सरकते. फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारे प्रथिन वाढलेल्या, म्हणजे दाह किंवा जंतुसंसर्ग असलेल्या रुग्णात हे अधिक वेगाने होते. त्यामुळे मोजणी नमुना भरल्यापासून ठरावीक क्षणी, शक्यतो पहिल्या एक-दोन सेकंदांत, उरकावी आणि तो क्षण वापरणाऱ्याच्या हातावर सोपवू नये. नमुना भरल्याची चाहूल वाहकतेनेच लागते. घड्याळ तिथून सुरू करावे.

शिवाय अरुंद वाहिनीत शिरताना रक्त स्वतःच थोडे बदलते. रॉबिन फोरेयस यांनी १९२९ साली दाखवल्याप्रमाणे बारीक नळीतून वाहताना पेशी मध्यभागी, वेगवान भागात राहतात आणि नळीतले हिमॅटोक्रिट बाहेरच्या साठ्यापेक्षा कमी भरते. शंभर-दीडशे मायक्रोमीटर उंचीच्या वाहिनीत हा परिणाम लहान पण नियमित असतो, म्हणून तो कॅलिब्रेशनमध्ये आपोआप सामावतो. वाहिनीची उंची बदलली की मात्र जुने कॅलिब्रेशन रद्द समजावे.

उंचीचा विषय निघालाच आहे तर उत्पादनाविषयी सांगतो, कारण प्रयोगशाळेतल्या पट्ट्या आणि कारखान्यातल्या पट्ट्या यांत इथेच अंतर पडते. वाहकता मोजताना इलेक्ट्रोडमधले अंतर आणि वाहिनीचा छेद थेट गुणक म्हणून येतात. दोन थरांमधल्या चिकटपट्टीची जाडी तीन टक्क्यांनी बदलली की हिमॅटोक्रिटमध्ये एका अंकाहून अधिक चूक येते. जाळीछपाईने काढलेल्या कार्बनच्या कडा खडबडीत असतात. लेसरने कोरलेल्या सोन्याच्या किंवा पॅलेडियमच्या थराच्या कडा खूपच नेमक्या येतात. गटागटाचे कॅलिब्रेशन करून सरासरी चूक काढता येते, एकाच गटातल्या पट्टीपट्टीतला फरक त्याने जात नाही.

आता वारंवारता. फार कमी वारंवारतेला, म्हणजे काहीशे हर्ट्झच्या खाली, इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावरचा आयनांचा दुहेरी थर इतका वरचढ होतो की त्याच्या प्रतिबाधेत रक्ताचा भाग दिसेनासा होतो. दहा-वीस किलोहर्ट्झला ही अडचण बरीच ओसरते, आणि विद्युतप्रवाह देणारे व विद्युतदाब मोजणारे इलेक्ट्रोड वेगळे केले तर आणखी कमी होते. एका वारंवारतेवर विसंबू नये. दोन-तीन वारंवारतांना प्रतिबाधेचे परिमाण आणि कला (विद्युतदाब व विद्युतप्रवाह यांच्या लहरी एकमेकींच्या किती मागेपुढे आहेत ते) दोन्ही नोंदवावीत. परिमाणातून रक्ताची वाहकता कळते, तर कलेतून इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागाची स्थिती, अर्धवट भरलेली वाहिनी, अडकलेला बुडबुडा यांचा सुगावा लागतो. माझ्या मते कलेचा खरा उपयोग हिमॅटोक्रिट काढण्यापेक्षा वाईट पट्टी ओळखून बाद करण्यात आहे.

प्रथिने आणि क्षार यांच्या कचाट्यातून तत्त्वतः सुटका देणारा एक मार्ग मेगाहर्ट्झच्या परिसरात आहे. तिथे पटलाची धारिता शॉर्ट होऊ लागते, प्रवाह पेशींच्या आतूनही जाऊ लागतो आणि रक्ताची वाहकता वाढते. कमी व जास्त वारंवारतेच्या वाहकतांचे गुणोत्तर घेतले की पट्टीची भूमिती कटते आणि रक्तद्रवाच्या वाहकतेचा प्रभावही बऱ्याच अंशी कमी होतो. पण पेशीच्या आकारमानाचा आणि तिच्या आतल्या वाहकतेचा परिणाम यात नव्याने शिरतो, आणि पट्टीच्या संपर्कबिंदूंची व तारांची भटकी धारिता मेगाहर्ट्झला मोठा उपद्रव देते. स्थिर कक्ष असलेल्या टेबलावरच्या यंत्रासाठी हा मार्ग मला आवडतो. स्वस्त, फेकून द्यायच्या पट्टीसाठी तो पेलणे अवघड आहे.

एक चूक मात्र पट्टी बनवणारे स्वतः ओढवून घेतात. ग्लुकोजच्या अभिक्रियेसाठी विकर (एन्झाइम), इलेक्ट्रॉन वाहून नेणारा मध्यस्थ म्हणून फेरिसायनाइड, बफर आणि थर बांधणारे बहुवारिक (पॉलिमर) असे मिश्रण इलेक्ट्रोडवर वाळवलेले असते. रक्त आले की हे सर्व एका मायक्रोलिटरहून कमी द्रवात विरघळते. रक्तद्रवाची परासारिता (विरघळलेल्या कणांची एकूण सांद्रता) २९० मिलिऑस्मोलच्या आसपास असते. सांद्र मिश्रण विरघळले की ती स्थानिक पातळीवर कितीतरी वाढते, पेशींमधून पाणी बाहेर खेचले जाते आणि पेशी आकसतात. शिवाय फेरिसायनाइडचे क्षार वाहकता वाढवतात. म्हणजे जे मोजायचे तेच सेन्सर बदलतो, आणि दोन्ही बदल हिमॅटोक्रिट कमी दाखवतात. उपाय साधा आहे : हिमॅटोक्रिटचे इलेक्ट्रोड कोरडे, लेपाविना ठेवावेत आणि रक्त शिरते त्या बाजूला, म्हणजे लेपाच्या आधी, बसवावेत. स्थिर द्रवात एका सेकंदात असे रेणू जेमतेम चाळीस मायक्रोमीटर सरकतात, त्यामुळे अर्धा मिलिमीटरचे अंतरही पुरते. पण लेपाच्या पुढे बसवले तर भरतानाचा प्रवाहच ते सर्व तिथवर वाहून आणतो, मग अंतर कितीही ठेवा.

इतर पद्धतींचा आढावा त्या मानाने लवकर आटोपतो. वाहिनी भरायला लागणाऱ्या वेळेवरून चिकटपणा व त्यावरून हिमॅटोक्रिट काढण्याची कल्पना आकर्षक आहे, कारण तिला जवळजवळ काहीच जादा लागत नाही. वॉशबर्न यांच्या १९२१ सालच्या समीकरणानुसार भरण्याचा वेळ चिकटपणाच्या प्रमाणात वाढतो. परंतु तो पृष्ठताण आणि पृष्ठभागाची आर्द्रताक्षमता यांवरही तितकाच अवलंबून असतो, आणि साठवणुकीत पट्टीचा पृष्ठभाग हळूहळू बदलतो. शिवाय रक्ताचा चिकटपणा फायब्रिनोजेनने, तापमानाने आणि प्रवाहाच्या वेगानेही बदलतो. मी ही पद्धत फक्त शंका निर्माण करणारा दुसरा साक्षीदार म्हणून वापरीन : वाहकता ३० सांगते आणि भरण्याचा वेळ ५५ ला शोभणारा आहे, तर पट्टी बाद.

प्रकाशीय पद्धती मुळात हिमोग्लोबिन मोजतात. सुमारे ८०० नॅनोमीटरला ऑक्सिजनयुक्त आणि ऑक्सिजनविरहित हिमोग्लोबिनचे शोषण सारखेच असल्याने तिथे ऑक्सिजनची पातळी आड येत नाही. हिमोग्लोबिनवरून हिमॅटोक्रिट काढताना पेशीतल्या हिमोग्लोबिनची सांद्रता दर डेसिलिटरला ३३-३४ ग्रॅम धरली जाते. म्हणूनच हिमोग्लोबिनची तिप्पट ही ओळखीची रीत चालते. लोहन्यूनतेत ही सांद्रता घटते आणि रीत फसते. पेशी न फोडता मोजायचे तर प्रकाशाच्या विकिरणाचा, म्हणजे विखुरण्याचा, प्रश्न येतो, कारण पेशींचा आकार व त्यांची रचना बदलली की विकिरण बदलते. डायलिसिसच्या नळीवर बसवलेले प्रकाशीय हिमॅटोक्रिटमापक मात्र उत्तम काम करतात. एकाच रुग्णात, एकाच बैठकीत रक्ताचे आकारमान किती टक्क्यांनी घटले हे पाहायचे असते, त्यामुळे निरपेक्ष आकड्यातली चूक आपोआप कटते. प्रथिने घटलेल्या तुमच्या रुग्णांसाठी प्रकाशीय पद्धत अधिक बरोबर ठरेल हे खरे, पण ग्लुकोजच्या पट्टीत तिला प्रकाशमार्ग, स्वच्छ खिडकी आणि नेमकी जाडी लागते.

चौथा मार्ग विद्युतरासायनिक आहे. विकर नसलेल्या इलेक्ट्रोडवर ज्ञात प्रमाणात मध्यस्थ ठेवला आणि विद्युतविभव दिला की मिळणारा प्रवाह कॉट्रेल यांच्या समीकरणाप्रमाणे काळाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटतो, आणि त्याचे मान विसरणगुणांकाच्या वर्गमुळावर ठरते. पेशी वाटेत असल्या की विसरण मंदावते. हा मार्ग ग्लुकोज दुरुस्त करण्यासाठी मला फार योग्य वाटतो, कारण ग्लुकोजच्या प्रवाहाला जी अडचण येते तीच इथे थेट मोजली जाते.

इथेच तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे : हिमॅटोक्रिट हवे आहे ते कशासाठी? ते ग्लुकोजची दुरुस्ती करण्यासाठी हवे असेल तर अपेक्षा वेगळ्या, आणि डॉक्टरांना स्वतंत्र आकडा म्हणून द्यायचे असेल तर वेगळ्या. ग्लुकोजवर हिमॅटोक्रिटचा परिणाम दोन वाटांनी होतो. पहिली वाट पाण्याची आहे. रक्तद्रवात सुमारे ९३ टक्के पाणी असते आणि तांबड्या पेशीत ७१ टक्के. ग्लुकोज दोन्हीकडच्या पाण्यात समान सांद्रतेने वाटले जाते. त्यामुळे हिमॅटोक्रिट ४३ असताना रक्तद्रवातले ग्लुकोज पूर्ण रक्तातल्या ग्लुकोजच्या १.११ पट असते, आणि आंतरराष्ट्रीय वैद्यकीय रसायनशास्त्र महासंघाने रूपांतरासाठी हाच गुणक सुचवला आहे. तोच हिशेब २५ ला १.०६ आणि ६० ला १.१७ येतो. दुसरी वाट विसरणाची आणि लेपात शिरणाऱ्या रक्तद्रवाच्या प्रमाणाची, आणि पट्ट्यांमध्ये बहुधा तीच मोठी असते. दोन्ही एकाच दिशेने काम करतात : पेशी जास्त तर ग्लुकोज खोटे कमी, पेशी कमी तर खोटे जास्त.

रुग्णाच्या दृष्टीने यातली दुसरी बाजू अधिक धोक्याची आहे. हिमॅटोक्रिट २२ असलेल्या डायलिसिसच्या रुग्णात ग्लुकोज खरोखर घसरलेले असताना पट्टी ते ठीक दाखवते, किंवा किंचित वाढलेले दाखवून इन्सुलिन द्यायला लावते. नवजात बाळात हिमॅटोक्रिट ६० च्या पुढे असू शकते; तिथे पट्टी ग्लुकोज कमी दाखवते, त्याने अनावश्यक टोचाटोची होते, पण खरे कमी ग्लुकोज सहसा निसटत नाही. ग्लुकोजमापकांसाठीच्या आयएसओ १५१९७ या मानकाच्या २०१३ सालच्या आवृत्तीत ९५ टक्के निकाल १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली १५ मिलिग्रॅमच्या आत आणि त्यावर १५ टक्क्यांच्या आत असावेत ही अट आहे, आणि हिमॅटोक्रिटच्या परिणामाचे ग्लुकोजच्या तीन पातळ्यांवर स्वतंत्र परीक्षणही मागितले आहे. दुरुस्तीशिवाय ही अट हिमॅटोक्रिटच्या विस्तृत पट्ट्यात पाळणे कठीण आहे.

दुरुस्तीचा हिशेब मांडला तर दिलासा मिळतो. समजा, तुमच्या पट्टीचे ग्लुकोज हिमॅटोक्रिटच्या दर अंकामागे एक टक्क्याने सरकते. मग प्रथिनांमुळे झालेली तीन अंकांची चूक ग्लुकोजमध्ये तीन टक्के चूक आणते, आणि मोठ्या विचलनाची दुरुस्ती झाल्यावर उरणारी ही चूक सहन करण्याजोगी आहे. तिची दिशा मात्र ध्यानात ठेवा : हिमॅटोक्रिट खोटे कमी वाचले तर ‘पेशी कमी, म्हणून ग्लुकोज फुगलेले’ असे समजून सूत्र ग्लुकोज आणखी खाली खेचेल, म्हणजे चूक सुरक्षित बाजूला झुकेल. स्वतंत्र आकडा म्हणून मात्र हेच तीन अंक रक्त चढवायचे की नाही या निर्णयाच्या रेषेवर असतात, आणि तिथे ती चूक क्षम्य नाही.

परीक्षणाविषयी थोडे, कारण निरोगी रक्तावरचा तुमचा ‘उत्तम मेळ’ तिथूनच आला. हिमॅटोक्रिटची मालिका बनवताना एका दात्याचे रक्त फिरवून त्याचाच रक्तद्रव काढतात किंवा घालतात. अशा मालिकेत २० पासून ६५ पर्यंत पेशी बदलतात, पण प्रथिने आणि क्षार ढळत नाहीत. मग सहसंबंध ०.९९ येतो यात नवल नाही. पट्टीला फसवणारी प्रत्येक गोष्ट आपणच स्थिर ठेवलेली असते. विस्तृत पल्ल्यात सहसंबंध तसाही चांगलाच दिसतो, म्हणून ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ साली मांडलेल्या रीतीने फरकांचा आलेख सरासरीसमोर काढावा. त्याहून उपयोगी म्हणजे तोच फरक एकूण प्रथिनांसमोर मांडणे. तुमच्या रुग्णांच्या नमुन्यांची प्रथिने नोंदलेली असतील तर हा आलेख एका दुपारी होईल, आणि त्यावर दर ग्रॅमला सुमारे एका अंकाचा उतार दिसला तर वादाला जागा उरणार नाही. दुसरी मालिका मुद्दाम वेगळी बनवा : हिमॅटोक्रिट ३० वर स्थिर ठेवून काही भाग रक्तद्रवाच्या जागी संतुलित क्षारद्रावण घाला आणि प्रथिने ७ वरून ४ पर्यंत उतरवा. तिसऱ्या मालिकेत सोडियम आणि क्लोराइड बदला. हे करताना वेळेचे भान ठेवा, कारण खोलीच्या तापमानाला पेशी तासाला पाच ते सात टक्के ग्लुकोज खाऊन टाकतात. आणि पट्टीतले विकर ग्लुकोज ऑक्सिडेज असेल तर प्रत्येक पातळीला ऑक्सिजनचा दाब सारखा ठेवा, नाही तर ऑक्सिजनचा परिणाम हिमॅटोक्रिटच्या नावावर जमा होईल.

तुमच्या पट्टीसाठी मी पुढील रचना घेईन. लेपाआधी कोरड्या इलेक्ट्रोडची जोडी, दहा ते शंभर किलोहर्ट्झमधल्या निदान दोन वारंवारता, पहिल्या दीड सेकंदात मोजणी आणि पट्टीच्या टोकाशी तापमापक. ग्लुकोजच्या दुरुस्तीसाठी वाहकतेबरोबर विकर नसलेल्या इलेक्ट्रोडचा प्रवाहही घ्यावा आणि दोहोंचे म्हणणे ठरावीक मर्यादेपलीकडे वेगळे पडले तर निकाल न देता पट्टी बदलायला सांगावे. प्रथिने कमी असल्यावर नेमके हेच वेगळेपण दिसेल, कारण प्रथिनांच्या घटीने वाहकता आणि विसरण सारख्या प्रमाणात बदलत नाहीत. त्यामुळे या दोन संकेतांच्या फरकातून प्रथिनांचा अंदाज बांधता येतो का, हे तुमच्याकडच्या रुग्णनमुन्यांवर जरूर तपासा. आणि जोवर हिमॅटोक्रिटचा आकडा रुग्णांच्या नमुन्यांवर, प्रथिनांच्या पूर्ण पल्ल्यात, दोन अंकांच्या आत येत नाही, तोवर तो यंत्राच्या पडद्यावर दाखवू नका. आतल्या हिशेबात राहू द्या. पडद्यावर दिसलेला आकडा कोणी ना कोणी रुग्णाच्या कागदावर लिहितोच, आणि मग तो कोणत्या हेतूने काढला होता हे विचारायला तिथे कोणी नसते.